चिठ्ठ्या आत, माल बाहेर

जागा कशी वापरावी हे मला कुणी शिकवायचं नाही! बावीस वर्षं मी पंपाच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. दुसऱ्याला जिथे दोनशे खोकी ठेवताना घाम फुटतो, तिथे मी तीनशे बसवतो आणि वर खुर्ची टाकून चहा पितो. त्यामुळे एका रविवारी सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी झळकली, तेव्हा खरं सांगतो, मला आनंदच झाला. म्हटलं, आता दाखवतोच घरच्यांना आपण काय चीज आहोत!

पाटी झळकली ती सासूबाईंसमोर. सासूबाई छत्तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण हॉस्पिटल त्यांना सोडायला तयार नाही. तान्हं बाळ धरावं कसं, पुसावं कसं, गुंडाळावं कसं, हे त्यांच्याइतकं कुणाला येतच नाही हो! मेट्रनबाईंनी गळ घातली आणि सासूबाईंनी घरातच, जमिनीवर मांडी घालून, रबरी बाहुलीला न्हाऊमाखू घालत कॅमेऱ्यासमोर नव्या नर्सांसाठी धडे करायला घेतले. एकूण बेचाळीस. एकेचाळीस झाले आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता खाली बसायचं नाव नाही. म्हणजे जे झालं ते झालं, पुन्हा करणं नाही! सोमवारी सकाळी मेट्रनबाई सगळं न्यायला येणार होत्या. आणि शेवटचा धडा, 'झोपलेल्या बाळाचा श्वास', खुर्चीत बसून सुरू केला तो मध्येच बंद पडला.

"आई, उठा तुम्ही," मी बाह्या सरसावल्या. "हे माझं खातं!"

"अहो, हात नका लावू!" बायको आतून ओरडली. "तुम्ही कपाट आवरलंत त्या दिवसापासून माझा चष्मा सापडत नाहीये!"

"करू दे गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं करतायत."

बघा, आमच्या घरात माणसाची पारख फक्त त्यांनाच आहे.

पहिल्या मिनिटातच मी चोरी पकडली. डिस्कच्या खोक्यावर छापलंय पाचशे जीबी आणि कॉम्प्युटर दाखवतोय चारशे पासष्ट! पस्तीस जीबी कमी! मी ताबडतोब कागद ओढला आणि 'माल कमी मिळाल्याबाबत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"तो कागद ठेवा बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "कंपनी हजार-हजारानं मोजते. कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं मोजतो. मोठ्या मापानं मोजलं की मापं कमी भरतात, जावईबापू. दूध तेवढंच असतं."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. अडुसष्टाव्या वर्षी या बाईंना हे कुठून कळतं, देव जाणे!

मग मी मूळ कामाला लागलो. कॉम्प्युटरच्या तोंडावरच एकेचाळीस धड्यांची एकेचाळीस चित्रं रांगेत मांडलेली होती. भर दारात माल! माझ्या गोदामात असं कुणी केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह लावला, सगळी चित्रं उचलली आणि त्यात टाकली. किती वेळ लागला असेल? एक सेकंद! एकेचाळीस धडे एका सेकंदात! आणि पेनड्राइव्ह बघतो तर जवळजवळ पूर्ण रिकामा!

"याला म्हणतात रचना!" मी ओरडलो.

बायको दाराशी येऊन बघून गेली. आणि पुन्हा चष्मा शोधायला लागली.

त्यानंतर मी आतल्या कप्प्यांची झडती घेतली, आणि काय सांगू! 'धडे' नावाच्या फोल्डरमध्ये तेच एकेचाळीस धडे पुन्हा, चांगले पन्नास जीबीचे! एकच माल दोन ठिकाणी! स्टोअरकीपरच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. माझं रक्त उसळलं. सगळ्यांना एकदम पकडलं आणि उडवलं. 'नक्की का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं. "नक्की म्हणजे नक्की!" असं मी त्याला तोंडानंही सांगितलं.

एवढं करून जागा दाखवणारी ती लाल पट्टी मात्र जशीच्या तशी. तसूभर हलली नाही!

"आई, हा कॉम्प्युटर ठार खोटारडा आहे. पन्नास जीबी माल बाहेर काढला, तरी म्हणतो भरलोय!"

सासूबाई काठी टेकत आल्या. पेनड्राइव्हकडे बघितलं आणि भुवई वर केली.

"पन्नास जीबी आत गेले आणि गोदाम रिकामंच? तुमच्याकडे असं होतं का हो कधी?"

त्यांनी पहिला धडा उघडला. पाटी आली: 'ही वस्तू जागेवर सापडत नाही.' दुसरा उघडला, तेच. सतरावा, तेच.

"या चित्रांच्या कोपऱ्यात बाण दिसतोय ना? हे धडे नव्हेत. धडा कुठे ठेवलाय ते सांगणारी चिठ्ठी आहे. तुमच्या रॅकवर कार्ड लटकतं ना, तसं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अहो, ज्या कार्डांवर मी बावीस वर्षं सह्या करतोय, तीच मी माल समजून जपून ठेवली होती! आणि माल? माल मी स्वतःच्या हातानं फेकला होता. ते न्हाऊ घालणं, ते गुंडाळणं, ते दुखऱ्या गुडघ्यांनी मांडी घालून बसणं, सगळं. मला रडूच यायला लागलं.

"आई, मी... ते दुसरे होते ना... ते मी..."

बायकोनं डोक्याला हात लावला. सासूबाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, जसं लेबर रूममध्ये विचारत असतील तसं:

"पट्टी अजून लालच आहे?"

"हो ना! तेच तर म्हणतोय, जागा झालीच नाही!"

"मग घाबरू नका. जागा झाली नाही, म्हणजे माल घरातच आहे. तुम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलंत, पण डबा अजून दारातून बाहेर गेलेला नाही."

त्यांनी डबा उघडला. एकेचाळीसच्या एकेचाळीस! एकेक करून जागेवर गेले. मी सासूबाईंच्या पाया पडलो, अगदी खरोखर, आणि त्या म्हणाल्या, "गुडघ्यांना धक्का लागेल, सरका."

"पण मग जागा खाल्ली कुणी?" बायकोनं विचारलं.

"आकारानं लावू या. सगळ्यात मोठं वर," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यात वर एकच व्हिडिओ होता. बत्तीस जीबी! फोन हलका करायला मीच इथे आणून टाकलेला. गोदामातल्या नव्या लोकांसाठी मी 'माल कसा रचावा' हे बोलून ठेवलं होतं. बोललो दोन मिनिटं. पुढचे चार तास कॅमेरा बंद करायचा राहिला होता. आणि त्या चार तासांत तीनशे खोक्यांवरच्या खुर्चीत मी काय करत होतो, ते आता सगळं घर बघत होतं. आवाजासकट!

"आई, उडवा ते! नक्की म्हणजे नक्की!"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून माझं घोरणं नीट ऐकलं. "बाहुलीला हे करता येत नाही. जागा मिळाली असती, तरी माझा धडा इथे अडलाच असता."

त्यांनी त्यातला नेमका तुकडा कापून घेतला आणि बाकीचा उडवला. या वेळी डबाही रिकामा केला. पट्टी निळी झाली आणि दुपारच्या आत बेचाळिसावा धडा पुरा झाला.

सोमवारी मेट्रनबाई आल्या, सगळं बघून खूश झाल्या. आता दर महिन्याला नव्या नर्सा मला ऐकतात. 'असा आवाज आला तर डॉक्टरांना बोलवा,' असं सासूबाई धड्यात माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. बावीस वर्षांच्या माझ्या अनुभवातलं कामाचं एवढंच निघालं. बारा सेकंद. सव्वीस एमबी.