समुद्री अंड्यांचा शंभर टक्के निकाल

जे वेळेत दुभंगत नाही त्याची वाढ खुंटते, हे निसर्गाचं आणि सहकाराचं समान तत्त्व आहे. एका पतसंस्थेच्या दोन होतात, एका मंडळाची तीन मंडळं होतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र अध्यक्ष मिळतो. म्हणूनच बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या अदीबा मॅडमनी ‘समुद्री अंड्यांच्या पेशीतील आम्लता व विभाजन’ हा विषय संशोधनाला घेतला, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. समुद्र जवळ नव्हता हे खरं. पण बुलढाण्याला रेल्वेही नाही, म्हणून इथल्या माणसांनी मुंबईला जाणं सोडलेलं नाही.

नमुने कोकणातून मलकापूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून एस.टी.ने घाट चढून येत. (समुद्राच्या पाण्याच्या कॅनवर कार्यालयाने हरकत घेतली होती: बोअरच्या पाण्यात मीठ टाकून काम भागत असल्यास तसे न केल्याची कारणे द्यावीत. कारणे तीन पानी देण्यात आली. ‘मीठ’ या शब्दापुढे ती वाचण्यात आली नाहीत.)

प्रयोग साधा होता. अंडं फलित झालं की त्याच्या आतली आम्लता जरा उतरते, आणि तासाभरात एका पेशीच्या दोन होतात. अदीबाने सहा बशा मांडल्या. तीन बशांत नुसतं समुद्राचं पाणी, उरलेल्या तिनांत सौम्य आम्ल मिसळलेलं, म्हणजे आतली आम्लता उतरूच नये. पहिल्या तीन बशांतली अंडी दुभंगली. आम्लातली जशीच्या तशी राहिली. चार वर्षं ती याचीच वाट पाहत होती. तिने स्टूल ओढलं आणि आकडे वहीत उतरवले.

प्राचार्य शालिग्राम सरांनी तेच आकडे पाहिले.

“म्हणजे निकाल पन्नास टक्के,” ते म्हणाले.

“सर, ती दुभंगली नाहीत, हाच निकाल आहे.”

“मॅडम, नापास पोरंही घरी असंच सांगतात.”

पुढच्या आठवड्यात मूल्यांकन समिती येणार होती. सरांनी तातडीने एक अंतर्गत चौकशी समिती नेमली (मराठी, वाणिज्य व शारीरिक शिक्षण, निःपक्षपातीपणासाठी प्राणिशास्त्र वगळून). तिने कारणं शोधली: अंड्यांना जिल्ह्याची हवा नवीन, वैयक्तिक लक्ष देण्याचा अभाव आणि आम्ल. शिफारस एकच होती. ज्या बशांत आम्लामुळे विभाजन होत नाही, त्या बशांतलं आम्ल बंद करावं. या तर्कात चूक काढता येत नव्हती.

“सर, सगळ्या बशा सारख्या केल्या तर सिद्ध काहीच होणार नाही.”

“पण निकाल लागेल,” सर म्हणाले. “तुमच्या प्रकल्पाची मुदतवाढ मूल्यांकन समितीच्या शेऱ्यावर आहे.”

अदीबा हो म्हणाली. हो म्हणायला आपल्याला फार वेळ लागला नाही, याची तिला लाज वाटली.

तपासणीच्या सकाळी प्रयोगशाळेतले परिचर हिंमतराव बशा मांडत होते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मागितल्याशिवाय सल्ला दिला नव्हता, आणि तो कुणी मागितलाही नव्हता. त्यांनी सात बशा मांडल्या.

“सरांनी सहा सांगितल्या, भाऊ.”

“सहा साहेबाच्या. सातवी आपली. त्याच्यात टाका तुमचं आम्ल.”

दहा वाजता समितीच्या अध्यक्षांच्या शुभहस्ते फलन झालं. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय आणि मनोगत. कार्यक्रमपत्रिकेत पेशीविभाजनाची वेळ अकरा होती, अल्पोपाहाराच्या आधी. मनोगत लांबलं. अंड्यांनी पत्रिका पाळली. पाहुणे सूक्ष्मदर्शकापाशी पोचले तोवर दोनाच्या चार पेशी झाल्या होत्या.

“दोनच दिसायला पाहिजे होत्या ना?” सर कुजबुजले.

“उशीर झाला, सर.”

“मग निकाल दोनशे टक्के धरा.”

अध्यक्षांनी भिंगातून पाहिलं, गंभीरपणे मान हलवली आणि दिवसभरातला एकमेव प्रश्न विचारला. “मॅडम, मला जेवण झालं की अ‍ॅसिडिटी होते. त्यावर काही निघालंय का?”

मंडळी जेवायला गेली. हिंमतरावांनी आम्लाची सातवी बशी पुढे घेतली. अंडी अखंड होती.

“हे काऊन अडून राह्यले, मॅडम? मेले का?”

“नाही, जिवंत आहेत.”

“मंग त्याईले धुऊन चांगल्या पाण्यात टाकलं तं?”

अदीबाच्या पुढच्या दोन वर्षांच्या कामाचा तोच प्रश्न होता. दोघांनी अंडी तीनदा ताज्या समुद्राच्या पाण्यात धुतली आणि वाट पाहिली. तिकडे मठ्ठ्याचा आग्रह चालला होता. हिंमतराव भिंगाला डोळा लावून होते.

“मधात रेघ पडून राह्यली,” ते हळूच म्हणाले. मग काही मिनिटांनी, “झाले. एकाचे दोन झाले.”

तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा त्यांनाच पाहू दिलं.

शेरा आला: ‘विभाजन उत्कृष्ट. निकाल शंभर टक्के. पुढील वर्षी अंड्यांची संख्या वाढवावी.’ मुदतवाढ मिळाली. सातवी बशी कुठल्याही अहवालात नाही, अदीबाच्या वहीत आहे.

ही अंडी कोणत्या प्राण्याची, हे मात्र एकाही समितीने विचारलं नाही. सरांच्या भाषणात ती माशांची होती, बातमीत कासवांची. कोकणातून पहिला डबा आला तेव्हा हिंमतरावांनी विचारलं होतं, आणि आतला काळा काटेरी गोळा अलगद तळहातावर घेऊन पाहिलाही होता. तुम्ही इथवर आलात, समितीला हसलातही, पण तुम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. काळजी नसावी, तुमचाही निकाल शंभर टक्के आहे.