चिकातले बटाटे

आमच्या शकूमावशीला माणूस दिसला की ती आधी त्याचं फॅट काढायची.

यंत्राने नव्हे, डोळ्यांनी. गावच्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन. संस्था म्हणजे तिच्याच घराची ओसरी, तिथे एक काटा, एक फॅट काढायचं यंत्र, भिंतीवर लक्ष्मीचं जुनं कॅलेंडर. सकाळ-संध्याकाळ दूध तपासून तिची नजरच तशी झाली होती. समोर सरपंच येवो की सोयरा, मावशी क्षणभर डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. सरपंचाबद्दल म्हणाली, "डिग्री चांगली लागती, फॅट न्हाई." डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा. नव्या ग्रामसेवकाला पाहून म्हणाली, "वरून साय, खाली निळं." कुणी मुलीसाठी स्थळाचा फोटो घेऊन आलं तर तो उजेडात धरून बघायची. "द्या. बेताचं हाय, पन नासनार न्हाई."

मला म्हणाली होती, "बाळ्या, तुजं समदं फॅट बोलन्यात गेलं."

माझा धंदा मंडप, लाऊडस्पीकर आणि भांडी भाड्याने द्यायचा. बोलण्यात फॅट आहे असं कुणी म्हटलं तर मी ते जाहिरात म्हणून घेतो. तिच्या ओसरीसमोरच माझं गोदाम, त्यामुळे मला तिचे सगळे निकाल फुकट ऐकायला मिळायचे.

तिचे मालक जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांचं फॅट किती होतं, हे मी एकदा चेष्टेत विचारलं. ती यंत्र पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "म्हशीचं दूध व्हते ते. गाईच्या भावात गेले." आणि पुढच्या बाईची किटली ओढून घेतली. त्यानंतर मी त्या विषयावर चेष्टा केली नाही.

दुधात पाणी घालणाऱ्या बाईला ती कधी रागावली नाही. अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायची, तो घरंगळताना बघायची आणि गोडपणे विचारायची, "काय गं, तुमच्याकडं नळ आलता का आज?" सगळी ओसरी हसायची, ती बाईसुद्धा. पण मी सांगतोय त्या साली हा विनोदही बंद पडला. दुधात घालायलाही पाणी नव्हतं.

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे, फाट्यावरून आत. त्या वर्षी टँकर आला तर आला. जनावरांच्या दावणीत काय टाकायचं, हा घरोघरचा प्रश्न. संस्थेच्या दुधाचे कॅन एकेक करून पालथे पडले. अशात तालुक्याच्या मोठ्या संघाकडून निरोप आला, की तुमची संस्था आमच्यात विलीन करा. आमचा टेम्पो फाट्यावर येईल, तिथेच दूध घेऊ. सभासदांच्या जनावरांना पेंड देऊ, चारा देऊ. अट एकच, गावातलं संकलन बंद.

म्हणजे मावशीची ओसरी बंद.

निर्णय वार्षिक सभेत व्हायचा होता. मावशी उघड विरोधात होती. "पिढ्यानपिढ्याची न्हाई, पन माज्या हातानं मांडलेली संस्था हाय. दोन येळंला माज्या ओसरीवर बाया येतात. ते मोडायचं कावून?" पलीकडून गोदाबाई विलीनीकरणाच्या बाजूने उभी होती. गोदाबाई म्हणजे मधल्या आळीची, आवाजाला माझ्या भोंग्याच्या तोडीची. ती म्हणायची, "मावशीला खुर्ची सुटंना. खुर्ची काय म्हशी खातात व्हय?" खरं सांगायचं तर मलाही तेव्हा खुर्चीचंच वाटत होतं.

आता आमच्याकडच्या वार्षिक सभेची रीत ऐका. ठरलेल्या वेळेला कुणीही येत नाही. मग 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असं लिहितात आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी भरते. तिला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे ती फार शांततेत पार पडते. गेल्या खेपेला मावशी, सचिव आणि मावशीची मांजर एवढ्यांनी सगळे ठराव एकमताने मंजूर केले होते.

या खेपेला मावशी अडून बसली. "सभा भरली पायजे. संस्था मोडायची आसंल तर मोडनारीनं समोर बसून हात वर करावा."

"बाया येतील कशाला, मावशे? टँकरची वाट बघायची का तुजी सभा?"

"जेवायला येतील."

पण जेवणाला पाणी लागतं. वरणभाताला पाणी, भांडी घासायला पाणी. या विचारात मावशी असताना अमेरिकेहून तिच्या लेकीचा, रेखाचा फोन आला.

या रेखाने मागे एकदा आईला एक विजेचं भांडं पाठवलं होतं. त्यात जिन्नस घालायचा, झाकण लावायचं, आणि आठ तास मंद आचेवर विसरून जायचं. विसरणं आम्हाला जमलं असतं, पण आठ तास सलग वीज गावाने कधी पाहिली नव्हती. मावशी त्या भांड्यात प्यायचं पाणी ठेवायची आणि गार राहतं म्हणून लेकीचं कौतुक करायची.

फोनला रेंज फक्त माझ्या गोदामाच्या पत्र्यावर. मावशी शिडीवर, मी शिडी धरून खाली. रेखा सांगत होती, की आमच्याकडे पन्नास-साठ माणसं जेवायला असली की मी एकच पदार्थ करते. बटाट्याच्या चकत्या, दूध, मीठ, मिरची, आणि वरून भरपूर चीज. झाकण उघडायचं नाही, पाण्याचा थेंब घालायचा नाही.

मावशी शिडीवरून उतरली ती उजळलेल्या चेहऱ्याने. "बाळ्या, पानीच लागत न्हाई. बटाटं, दूध आन चीक."

"चीक न्हाई मावशे, चीज म्हनली आसंल ती."

"चीज म्हंजे?"

"दुधाचंच आसतं. घट्ट. पिवळसर. आच लागली की आळतं."

मावशीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मंग चीकच की बे."

मी बीडला एकदा पिझ्झा खाल्लेला माणूस. पण चीज म्हणजे चीक कसा नाही, हे मला त्या शिडीपाशी सिद्ध करता आलं नाही, आणि आजही येणार नाही. मावशीला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. "साठ मानसाला पुरंल येवढा चीक. अमेरिकेत रोजच कुनाची ना कुनाची म्हैस वीत आसंल."

आमच्याकडे रोज वीत नव्हती. व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक हवा, तर आधी म्हैस व्यायला हवी, आणि त्या वर्षी अख्ख्या गावात एकच म्हैस व्याली. गोदाबाईची.

मला वाटलं, आता बेत मोडला. पण चिकाची रीत दुधासारखी नसते. चीक संस्थेत चालत नाही, त्याने सगळं दूध फाटतं. तो विकायचाही नसतो. म्हैस व्याली की शेजारीपाजारी वाटायचा, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. गावात भाव नसलेलं तेवढंच एक दूध. मावशीने मला किटली दिली आणि आम्ही मधल्या आळीत गेलो.

गोदाबाई दारातच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "मावशे, माज्याच चिकावर माज्याच इरुद्ध मतं मागनार का तू?"

"मतं न्हाई मागत. चीक मागती."

"चीक दिला. पर हात मी वरच करनार."

"कर की. जेवल्यावर हात वर करायला ताकद येती."

गोदाबाईला हसू आलं. ते लपवायला ती गोठ्याकडे वळली, आणि आम्ही मागोमाग.

गोठ्यात लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, हे काय, गोठ्यात ऊन कसं? वर पाहिलं तर अर्ध्या गोठ्यावर छप्परच नव्हतं. नुसते वासे. त्यावरचं पाचट दावणीत पडलं होतं, काळं, धुराने माखलेलं, आणि म्हैस ते चघळत होती. गोदाबाईने तिला तिचंच छप्पर खायला घातलं होतं. म्हशीच्या खुब्याची हाडं पिशवी अडकवावी इतकी वर आली होती. रेडकू तिच्या सावलीत उभं.

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी निकाल येणार. ती त्या उघड्या वाशांकडे बघत राहिली.

"पिल्लाला पाजलं का आदी?" एवढंच तिने विचारलं.

"पाजलं."

गोदाबाईने किटली भरून दिली. मावशीने ती उजेडात धरली, आणि अर्धा चीक परत गोदाबाईच्या चरवीत ओतला. "पुरंल तेवढा," म्हणाली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शकूमावशी आणि मधल्या आळीपासून घरापर्यंत गप्प, हे गावाने पाहिलं असतं तर मंडप टाकून मिरवलं असतं.

सभेच्या दिवशी उजाडताच तिने माझी सर्वात मोठी दोन पातेली मांडली. बटाटे पोत्याने रगडून पुसलेले, धुतलेले नाहीत. चकत्यांचा एक थर, मीठ-मिरचीचं वाटण, पुन्हा चकत्या. बायांनी सकाळी घातलेल्या दुधात चीक मिसळून वरून ओतला. झाकणं कणकेने लिंपली. खाली गोवऱ्यांचे निखारे, झाकणावरही निखारे. मग मावशी बाज टाकून राखण करत बसली.

दुपारपर्यंत मला राहवेना. मी उलथणं घेऊन जवळ गेलो.

"जरा बघू तरी."

"बघन्यानं शिजत न्हाई. तिकडं जाऊन बोल."

म्हणून मी तिकडे जाऊन बोललो. भोंगा लावला आणि गावाला कळवलं, की महिला दूध संस्थेच्या वार्षिक सभेत अमेरिकेच्या पद्धतीचे बटाटे शिजत आहेत, तरी सर्व सभासद भगिनींनी वेळेवर यावे. दर थोड्या वेळाने मी बटाट्यांची प्रकृती जाहीर करत होतो. 'कडेने वाफ दिसत आहे. वास आलेला आहे.' वास खरोखरच आला. दुधाचा, धुराचा, मिरचीचा. त्या वर्षी बरेच दिवस आमच्या आळीत कशाचा वास असा दाटून आला नव्हता.

झाकण उघडलं तेव्हा आत सोनेरी ताटच्या ताट आळलं होतं. मावशीने वड्या पाडाव्यात तसं ते कापलं आणि पत्रावळींवर वाढलं. बाया सगळ्या आल्या. सासवा आल्या, सुना आल्या. एक म्हातारी पहिला घास घेऊन थांबली. "मी म्हनलं खरवस हाय. मिरची लागली की गं."

"मंग? थांबवू का वाढायचं?"

"न्हाई न्हाई. आनखी बगते."

ओसरी भरली, अंगण भरलं, माझ्या गोदामाच्या पायऱ्या भरल्या. सचिवाची पंचाईत झाली. त्याने सवयीने 'सभा तहकूब' असं घरूनच लिहून आणलं होतं. ते त्याने खोडलं.

मग विलीनीकरणाचा विषय आला. मी माईक पुढे केला. मावशीने तो बाजूला सारला आणि उभी राहिली.

"ठराव मी मांडती," ती म्हणाली. "संस्था मोठ्या संघात घाला. पेंड लवकर मागवा."

गोदाबाई अर्धवट उठली. "मावशे, तू तर इरुद्ध व्हतीस."

"व्हते. तुजं छप्पर बघितलं."

गोदाबाई खाली बघायला लागली. मग तिनेच हळू विचारलं, "मंग ही पंगत कशाला घातली?"

मावशीने पदर सारखा केला. "इतकी वर्सं समद्या उभ्याउभ्या आलात. किटली वतली, फॅट बघितलं आन पळालात. कुनाचा सयपाक खोळंबलेला, कुनाची सासू. म्हनलं, जाताना एकदा बसून जावा."

हात वर करा, असं सचिव म्हणाला. पहिला हात मावशीचा होता. बाकीचे हात यायला वेळ लागला. सर्वात शेवटी गोदाबाईचा आला, तोही खांद्याच्या वर नाही.

संघाचा टेम्पो सुरू झाला, त्या पहिल्या सकाळी मी बीडला जायला फाट्यावर गेलो होतो. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बाया किटल्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. कुणाच्या नातवाला खोकला, कुणाच्या भावाला ऊसतोडीला जायचं, अशा गप्पा चालल्या होत्या. आणि त्यांच्यापासून थोडी अलीकडे, लिंबाखाली, मावशी उभी होती. हातात किटली नाही. असणार कुठून? तिच्याकडे म्हैस कधीच नव्हती.

"काय मावशे, इकडं कुठं?"

"फिरायला," ती म्हणाली. "पाय मोकळं करायला."

आमच्या गावात कुणी पाय मोकळे करायला फिरत नाही. मी मान डोलावली. मावशी बायांकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती, जणू तिचंही कुणी यायचं होतं.

गोदाबाईने तिला पाहिलं. तिने आपली किटली उचलून खाली मातीत ठेवली आणि कठड्यावर सरकली. मग शेजारची सरकली, तिच्या पलीकडची सरकली.

"बस की मावशे," गोदाबाई म्हणाली. "टेम्पोला लई येळ हाय अजून."

टेम्पो वळणावर आला होता. त्याचा धुरळा सगळ्यांना दिसत होता. मावशी जाऊन बसली.