पोपटी ओढा

ओढ्यात घाण सोडतो तो गॅरेजवालाच, असा अध्यक्षांना नुसता संशय नव्हता, खात्रीच होती. ओढा नदीला मिळतो त्या वळणावर नाक धरावं लागत होतं, आणि त्याच नदीचं पाणी पुढे सगळ्या शहराच्या नळाला येत होतं. ओढा समितीने मग साधा उपाय काढला. एकेका घराच्या मोरीत निरुपद्रवी पोपटी रंग ओतायचा आणि वळणावर पहारा करायचा. ओढा पोपटी झाला की त्या घराचं सांडपाणी गटार सोडून ओढ्यात जातंय, हे नक्की. पहिला मान अर्थातच गॅरेजवाल्याचा.

"ओता, खुशाल ओता," गॅरेजवाला म्हणाला. "पण साहेब, तुमच्या घरी कधी?"

"माझ्या घरी? अहो, पाइप टाकताना मी स्वतः छत्री धरून उभा होतो!" अध्यक्ष कडाडले.

रंग ओतला. दुपार झाली तरी ओढा आपला होता तसाच. अध्यक्षांचा चेहरा पडला. चिटणीसबाईंना वळणावर बसवून ते जेवायला घरी गेले. रंगाच्या पुड्या फोडून फोडून हात कोपरापर्यंत पोपटी झाले होते आणि सदऱ्याची तर पार वाट लागली होती.

"त्या हातांनी ताटाला शिवायचं नाही हं!" बायकोने दारातच बजावलं.

अध्यक्षांनी मुकाट्याने मोरीत बसून हात खसाखसा घासले. सदरा बादलीत बुचकळला, तर खिशातली फुटकी पुडी अख्खी विरघळली. त्यांनी बादली पालथी केली आणि पानावर बसले. जेवून हात धुवायच्या आतच फोन वाजला.

"साहेब, पळत या! ओढा पोपटी झालाय! पोपटी म्हणजे काय, डोळे दिपताहेत!"

अध्यक्ष बनियनवरच पळाले. वळणावर सगळी समिती जमली होती.

"गॅरेजचाच रंग," चिटणीसबाई म्हणाल्या. "उशिरा पोचला एवढंच."

गॅरेजवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, असं करू नका! माझा धंदा बसेल!"

अध्यक्ष एव्हाना सगळं समजून चुकले होते. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला! पण ते पाणी समोरून नदीकडे निघालं होतं, आणि तिथून घराघरात. त्यांनी दोन्ही हात वर केले. नखं अजून पोपटीच होती.

"माझ्या मोरीचा रंग आहे हा. इतकी वर्षं ही घाण मीच करतोय. उद्याच्या उद्या पाइप उखडतो. आणि समितीला अध्यक्ष दुसरा बघा."

मग गॅरेजवाला खाकरला.

"दुसरा कशाला? साहेब, एखादी पुडी उरलीये का? सकाळी तुम्ही पुढच्या मोरीत ओतलंत. मागे ऑइल धुवायची एक आहे. ती मी दाखवलीच नव्हती."

चिटणीसबाईंची चुळबुळ सुरू झाली. "आमच्या वॉशिंग मशीनचं पाणी तरी कुठं जातं, देव जाणे. आमच्याकडेही ओता बरं."

संध्याकाळी पुड्यांसाठी अध्यक्षांच्या दारात रांग लागली. ओढा जिकडे बघावं तिकडे पोपटी, आणि अध्यक्ष पुलावर छाती काढून उभे.

"एवढी घाण निघाली आणि तुम्ही मिशीत हसताय?" बायकोने विचारलं.

"अगं, आपण नाही ती पकडली," अध्यक्ष म्हणाले. "लोकांनी आपणहून दाखवली!"