कमरेच्या वर बगळे, कमरेखाली कासवे

राज्यातील सरकारी विद्यापीठांचा कारभार दोन मंडळांकडून काढून एकाच मंडळाकडे द्यावा, म्हणजे खर्च वाचेल, असा ठराव विधानसभेने एकमताने मंजूर केला. इथपर्यंत सगळे सुरळीत होते. ठरावाच्या शेवटी मात्र एक कलम होते: या कामासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष निःपक्ष असावा. निःपक्ष म्हणजे बगळ्यांचाही नव्हे आणि कासवांचाही नव्हे. तिथे घोडे पेंड खाऊ लागले.

बगळे हा उत्तर विद्यापीठाचा फुटबॉल संघ (फुटबॉल अमेरिकन पद्धतीचा, धडका मारून खेळायचा), रंग निळा. कासवे हा दक्षिण विद्यापीठाचा संघ, रंग नारिंगी. त्या राज्यात मूल जन्मले की त्याला आधी टोपडे चढवतात आणि मग नाव ठेवतात. टोपड्याच्या रंगावरून दोन्हीकडच्या आजोबांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्याची उदाहरणे आहेत. अशा ठिकाणी निःपक्ष माणूस शोधणे म्हणजे मासळीबाजारात शाकाहारी मांजर शोधणे.

शोध कसून झाला. एक निवृत्त न्यायाधीश सापडले, पण त्यांच्या कुत्र्याचे नाव बगळ्यांच्या प्रशिक्षकाच्या नावावरून ठेवलेले निघाले. एका बिशपांचे नाव पुढे आले. त्यांनी गेल्या वर्षी सामन्याआधी ‘जो योग्य असेल त्याला यश दे’ अशी प्रार्थना केली होती. देवाला त्यांनी कुणाकडे बोट दाखवले ते आम्हाला कळते, असे दोन्ही बाजूंनी लेखी कळवले. तुरुंगात एकांतवास भोगणाऱ्या एका कैद्याचाही विचार झाला. पण त्याचा पहारेकरी कासववाला होता, आणि त्याच्यावरच्या रागाने कैदी केव्हाच बगळा झाला होता.

शेवटी सेंट ओडिल गावचा थिओफिल डोमँग हाती लागला. दलदलीच्या कडेला त्याची शेड होती आणि तिथे तो होड्यांची इंजिने दुरुस्त करी. सामन्याच्या शनिवारी सगळे राज्य स्टेडियममध्ये नाहीतर टीव्हीसमोर असते, त्यामुळे तळे मोकळे मिळते, एवढ्यासाठी तो आयुष्यभर दर सामन्याला मासे धरायला गेला होता. त्यामागे दुसरे काही तत्त्वज्ञान नव्हते.

सिनेटर क्लोव्हिस गिड्रो स्वतः त्याच्या शेडमध्ये आले. पालथ्या घातलेल्या बादलीवर रुमाल पसरून बसले.

“थिओकाका, तुम्ही सामने खरंच बघत नाही?”

“नाही.”

“टीव्हीवरसुद्धा?”

“टीव्ही बायकोचा आहे. ती त्यावर स्वयंपाक बघते.”

“मग शनिवारी करता काय?”

“मासे धरतो.”

सिनेटर पुढे झुकले. “कुठल्या रंगाचे?”

“चिखलाच्या,” थिओफिल म्हणाला आणि पुन्हा इंजिनात हात घातला. “पण साहेब, मला विद्यापीठातलं काय कळतं? मी आपला तेलाने हात काळे करणारा माणूस.”

“ज्यांना कळतं ते सगळे बाद झालेत, काका. तेवढ्यासाठीच तर तुमच्याकडे आलो.”

थिओफिलने नाही म्हणून सांगितले आणि सिनेटर रुमाल झटकून गेले.

त्या संध्याकाळी जेवताना त्याची नात एलोडी भाताशी नुसतीच खेळत बसली. ती सेंट ओडिलच्या नर्सिंगच्या वर्गात शिकत होती. हा वर्ग जुन्या भातगिरणीच्या इमारतीत भरे. तो उत्तरेचाही नव्हता आणि दक्षिणेचाही नव्हता. फार पूर्वी कुणीतरी सुरू केला होता आणि नंतर बंद करायचे राहून गेले होते.

“आजोबा, पहिला बळी आमचाच आहे म्हणे,” ती म्हणाली. “दोन्ही विद्यापीठांत नर्सिंग आहे. तिसरं कशाला हवं, असं म्हणतात.”

थिओफिलने बायकोकडे पाहिले. आर्मांटीनच्या हृदयाला अधूनमधून लहर येई आणि मग ते आपल्याच तालावर नाचू लागे. अशा वेळी गावच्या दवाखान्यातल्या नर्सा तिला सांभाळत, आणि त्या एकूण एक त्याच भातगिरणीतून शिकून बाहेर पडलेल्या होत्या. वर्ग गेला तर नर्सा गेल्या. नर्सा गेल्या तर… पुढचे त्याने मनातसुद्धा पूर्ण केले नाही.

“होतो मी अध्यक्ष,” तो म्हणाला.

“कोट आहे का तुझ्याकडे?” आर्मांटीनने विचारले.

कोट होता. लग्नातला, तपकिरी.

समितीची बैठक दोन्ही विद्यापीठांपासून सारख्या अंतरावर घ्यायची ठरली. मोजणीखात्याने मोजून दिलेला मधला बिंदू उसाच्या फडात पडला. मग तेवढा ऊस कापून तंबू ठोकला. थिओफिल तपकिरी कोट घालून आत शिरला आणि तंबू गप्प झाला.

“हा काय प्रकार?” उत्तरेचे प्रतिनिधी उठले. “निळ्यात नारिंगी कालवलं की तपकिरी होतो. आमच्या रंगात त्यांचा रंग?”

“आणि आमच्यात त्यांचा?” दक्षिणेचे प्रतिनिधी म्हणाले.

दोन्ही बाजूंचे एकमत झाल्याची समितीच्या कामकाजातली ती पहिली नोंद. थिओफिलने कोट काढून ठेवला आणि पुढे सर्व बैठका बनियनवर चालवल्या.

काम झपाट्याने झाले. जे दोन्हीकडे आहे ते एकीकडे ठेवायचे, असे सूत्र होते. इतिहास उत्तरेला गेला, रसायनशास्त्र दक्षिणेला. तत्त्वज्ञान कुणालाच नको होते. नाणे उडवले, आणि जो हरला त्याला ते घ्यावे लागले. दोन मंडळे जाऊन एक महामंडळ आले. त्या महामंडळाला दोन उपमंडळे द्यावी लागली, त्यांच्यात भांडण नको म्हणून एक समन्वय मंडळ आले, आणि असे काटकसरीचे काम चार मंडळांवर येऊन ठेपले.

मग समितीच्या वकीलबाई, मिस ट्वायला, पुढचा विषय वाचू लागल्या. त्या शिकायला दुसऱ्या राज्यात होत्या, त्यामुळे त्यांना भान राहिले नाही.

“फुटबॉल,” त्यांनी वाचले. “दोन्हीकडे आहे. सूत्रानुसार एक—”

तंबूत कुणी श्वास घेईना. बाहेर उसाच्या पानांची सळसळ ऐकू येऊ लागली. उत्तरेच्या एका सभासदाने टोपी काढून छातीशी धरली.

“पुढचा विषय,” थिओफिल म्हणाला.

असा मुत्सद्दी राज्याने पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. फुटबॉल हा विषय नसून नदीसारखी नैसर्गिक संपत्ती आहे, असे ठरावात घातले गेले. मिस ट्वायलांनी आठवडाभर रजा घेतली.

ही टाळ्यांची हवा आहे तोवर आपले काम उरकावे, म्हणून थिओफिलने सेंट ओडिलच्या वर्गाचा विषय काढला. तोवर तो वर्ग कुणालाही नको होता. पण तो दक्षिणेकडे जाऊ शकतो म्हटल्यावर उत्तरेला त्याविषयी माया वाटू लागली, आणि उत्तरेची माया पाहून दक्षिणेला पान्हा फुटला. तीन बैठका भांडण चालले. शेवटी, दोघांचाही मान राखणारा तोडगा निघाला. वर्ग सेंट ओडिललाच राहील. माणसाच्या शरीराचा कमरेवरचा भाग उत्तर विद्यापीठ शिकवील आणि कमरेखालचा दक्षिण विद्यापीठ. बेंबी कोणाची, यासाठी संयुक्त उपसमिती नेमली.

“आजोबा, हे काय करून ठेवलंत?” महिन्याभराने एलोडी म्हणाली. “काल एका म्हाताऱ्याच्या पोटात दुखत होतं. वर दुखतं की खाली, एवढंच बाई विचारत राहिल्या. तो म्हणाला, फिरतं.”

“मग?”

“मग काय. कुठेतरी थांबेपर्यंत वाट बघा, असं सांगितलं.”

“पण वर्ग वाचला ना,” थिओफिल म्हणाला.

“वाचला. पण उत्तरेचे मास्तर निळ्या शाईनेच तपासतात, दक्षिणेचे नारिंगी. निळ्याने पास झालं की नारिंगीत नापास करतात.”

वर्ग वाचला होता, पण फार दिवस नाही. दोन्हीकडचे मास्तर, दोन्हीकडच्या गाड्या आणि बेंबीच्या उपसमितीचा प्रवासभत्ता मिळून खर्च तिप्पट झाला. तेव्हा, इतका खर्चिक वर्ग काटकसरीच्या धोरणात बसत नाही, सबब वर्षअखेर बंद करावा, असे महामंडळाने कळवले. थिओफिल स्वयंपाकघरात येऊन बसला. आर्मांटीन उकडलेले झिंगे सोलत होती.

“आगीतून फुफाट्यात पडलो,” तो म्हणाला.

ती झिंग्यांची डोकी मोडत राहिली. मग म्हणाली, “थिओ, या राज्यात फुटबॉलचा संघ असलेलं काही बंद झालेलं तू कधी पाहिलंस?”

त्याने आठवून पाहिले. साखर कारखाने बंद झाले होते. रेल्वे बंद झाली होती. दोन चर्चना कुलूप लागले होते.

“नाही,” तो म्हणाला.

“मग?”

पंधरवड्यात सेंट ओडिलच्या नर्सिंगच्या वर्गाचा संघ उभा राहिला. मुली जास्त, मुलगे थोडे. गावाला पाणकोंबडीचा रस्सा प्रिय, म्हणून संघाचे नाव पाणकोंबड्या ठेवले. निळा आणि नारिंगी गेलेलेच होते, तेव्हा थिओफिलच्या कोटावरून रंग तपकिरी घेतला. महामंडळाचा हुकूम दुसऱ्याच दिवशी फिरला. संघ असलेला वर्ग बंद करण्याचा कोणाचाही विचार कधीही नव्हता, असा खुलासा आला आणि त्यासोबत उसाच्या फडात स्टेडियम बांधायला मंजुरीही आली.

पहिला सामना बगळ्यांशी झाला. थिओफिल अध्यक्ष म्हणून गेला. मासे धरायची पिशवी गाडीत ठेवून गेला, सामना लवकर संपला तर असावी म्हणून. पाणकोंबड्या सडकून हरल्या. त्यांना एक गुणही मिळाला नाही. पण खेळ संपत आला तेव्हा एका बगळ्याने एलोडीला ढकलले, आणि थिओफिल बाकावर उभा राहून असे काही बोलला की पुढच्या रांगेतल्या पाद्र्याने मागे वळून पाहिले आणि मान डोलावली. पिशवी गाडीतच राहिली.

पराभव सेंट ओडिलच्या जिव्हारी लागला. सरावाला वेळ मिळावा म्हणून सकाळचे तास बंद झाले. मग दुपारचेही झाले, कारण सकाळी दमलेल्या मुलींना दुपारी झोप लागत असे. इंजेक्शन टोचायला शिकण्यासाठी एक रबरी पुतळा होता, तो मैदानात खांबाला बांधून त्याला धडका मारू लागले. धडक नेमकी कमरेला बसे. ही हद्द संयुक्त उपसमितीची असल्याने कोणत्याही विद्यापीठाने हरकत घेतली नाही. दवाखान्याच्या नर्साही माजी विद्यार्थिनी म्हणून संघात आल्या.

“थोडं शिकवतात का तरी?” एकदा थिओफिलने नातीला विचारले.

“रविवारी. प्रार्थनेनंतर अर्धा तास.” एलोडी पायाला बर्फ लावून बसली होती. चेंडू लाथेने खांबांमधून पार करायचे काम तिच्याकडे होते. “पण आजोबा, आता माझी लाथ कुठवर जाते माहितेय?”

“कुठवर?” त्याने खुर्ची पुढे ओढून विचारले.

हंगामाचा शेवटचा सामना कासवांशी होता. नवे स्टेडियम तपकिरी माणसांनी भरून गेले होते. थिओफिलने लग्नातला कोट घातला होता आणि शेजारी आर्मांटीन तपकिरी शाल पांघरून बसली होती. पाणकोंबड्यांना अजून गुण नव्हता, हंगामभर नव्हता. खेळ संपायला घटकाभर उरली असताना चेंडू खांबांच्या टप्प्यात आला. एलोडी मागे सरकून पावले मोजू लागली. लाथ बसली आणि चेंडू पार झाला तर तीन गुण मिळणार होते. सामना तरीही हरणारच होता, पण सेंट ओडिलच्या नावावर जन्मात पहिल्यांदा काहीतरी लागणार होते.

तेवढ्यात आर्मांटीनने त्याची बाही धरली. तिचा चेहरा शालीपेक्षा फिका पडला होता.

“थिओ, छातीत धरलंय.”

तो ताडकन उठला. “नर्स! इथे कुणी नर्स आहे का?”

“आहेत की,” मागचा माणूस म्हणाला. “त्या काय, मैदानात. अकराच्या अकरा.”

“एलोडीला हाक मारतो,” थिओफिल म्हणाला आणि त्याने तोंडाशी हात नेला. तो हात तिथेच राहिला. एलोडीने श्वास घेतला होता, खांदे सैल सोडले होते. त्याने बायकोकडे पाहिले. अजूनही त्याला वाटते की लाथेसाठी थांबायला तिने नाही म्हणायला हवे होते.

“थांब,” आर्मांटीन छाती धरून म्हणाली. “आधी तिला लाथ मारू दे.”

एलोडीने लाथ मारली.

मग तो ओरडला, ती धावत आली, आणि रविवारच्या अर्ध्या तासांत जे शिकली होती ते सगळे तिने केले. त्याला वर-खाली अशी हद्द नव्हती. खेळ थांबल्याबद्दल एका बाजूने हुर्यो केली. ती बाजू कासवांची होती असे सेंट ओडिलचे लोक सांगतात. गावच्या दवाखान्यात नर्स नव्हती, म्हणून आर्मांटीनला दूरच्या शहरातल्या इस्पितळात न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाला वळणावर आणले. ती आता बरी आहे आणि झिंगे सोलते.

त्या डॉक्टरांना थिओफिलने सगळे सांगितले: वर्ग, महामंडळ, बेंबीची उपसमिती, रबरी पुतळा, आणि नर्स समोर असूनही वेळेवर कशी मिळाली नाही ते. डॉक्टरांनी गंभीरपणे ऐकून घेतले. नळी गळ्यात अडकवली. खोलीचे दार लावून घेतले.

“बाकी सगळं ठीक आहे,” ते हळूच म्हणाले. “पण चेंडू गेला का खांबांमधून?”

थिओफिलने त्यांना सांगितले.

बाकावर उभे राहिल्याची तक्रार महामंडळाकडे पोचली होतीच. अध्यक्ष निःपक्ष राहिलेले नाहीत, असा ठपका ठेवून त्याला मोकळे करण्यात आले. आता ती जागा रिकामी आहे. शिक्षणाची अट नाही, राज्याबाहेरचाही माणूस चालेल. अर्जदाराने ही हकीकत इथवर वाचलेली असावी, आणि डॉक्टरांना काय उत्तर मिळाले हे जाणून घ्यावेसे त्याला वाटलेले नसावे, एवढेच पाहिले जाईल. जाहिरात लागून बरेच दिवस झाले. अजून कुठूनही अर्ज आलेला नाही, तुमच्याकडूनही नाही.