ढोलीत कोण बसतं?

एका जंगलात सगळं कसं अगदी नैसर्गिक होतं, बाळांनो. म्हणजे तिथल्या पंचायतीनं तसं एकमतानं ठरवून टाकलं होतं.

वाघानं हरीण खाणं नैसर्गिक होतं. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून गाणी म्हणत निघून जाणं नैसर्गिक होतं. माकडं भर सभेत एकमेकांच्या उवा काढून खायची, तेही नैसर्गिक होतं. त्याला तिथे अल्पोपाहार म्हणत.

या जंगलात बेहड्याच्या एका जुन्या झाडावर केरबा राहायचा. केरबा म्हणजे धनेश पक्षी. चोचीवर आणखी एक चोच ठेवायला दिलीय आणि मालक परत आलाच नाही, असा दिसणारा तो पक्षी. केरबासोबत हणमू राहायचा. हणमूही धनेशच. दोघेही नर.

ए, मागच्या रांगेतले! कोपरं मारू नका. ऐका.

आधी धनेशांचा संसार कसा असतो ते सांगतो. बायको अंडं घालायला झाडाच्या ढोलीत शिरते. मग ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. कशानं? चिखलानं आणि शिटेनं. झालं हसून? तर फक्त एक चीर उघडी ठेवते. नवरा त्या चिरेतून तिला फळं भरवतो. पिल्लू मोठं होईपर्यंत ती आत, तो बाहेर. आत बसल्याबसल्या तिची पिसं गळतात, त्यामुळे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. नवरा आला तर जेवण, नाही आला तर उपास.

याला जंगलात आदर्श कुटुंब म्हणत.

केरबा आणि हणमूच्या ढोलीला दार नव्हतं. पाऊस आला की दोघंही आत बसायचे आणि ऊन पडलं की दोघंही बाहेर. केरबा बडबड्या, हणमू लाजरा. हणमूला एक खोड होती. उंबराचं फळ हवेत उडवून चोचीत झेलायला जायचा आणि दर वेळी ते त्याच्या डोळ्यावर आपटायचं. तरी पुन्हा उडवायचा. केरबाला या खोडीपायी हणमू फार आवडायचा. कारण विचाराल तर त्यालाही सांगता आलं नसतं. आवडण्याचं कारण सांगायला लावणं हे फक्त ज्यांना ते आवडणं नापसंत असतं त्यांनाच सुचतं.

जंगल त्यांना 'मित्र' म्हणायचं.

"काय मैत्री आहे हो दोघांची!" सगळे कौतुक करायचे. "एकाच ढोलीत राहतात. एकाच चोचीतून खातात. आमची मुलं बघा, दिवसभर भांडतात!"

सगळ्यांना सगळं माहीत होतं, बाळांनो. पण माहीत असणं आणि माहीत आहे असं म्हणणं यांच्यामध्ये एक मोठं झुडूप असतं. सगळं जंगल त्या झुडपामागे आरामात बसलं होतं.

त्या झुडपात शिरली शेकरूकाकू. शेकरू म्हणजे ती मोठी, झुपकेदार शेपटीची खार. तिला लोकांची लग्नं जमवायचा नाद होता. दर हंगामात ती केरबासाठी स्थळ घेऊन यायची.

"मुलगी देखणी आहे," ती म्हणाली. "लिंपणकामात तर तिचा हात कुणी धरणार नाही. भिंत अशी घालते, की वारा आत जात नाही."

"काकू, मला नको."

"अरे, किती दिवस मित्राबरोबर राहणार?"

केरबानं हणमूकडे पाहिलं. हणमूच्या डोळ्यावर नुकतंच उंबर आपटलं होतं. तो डोळा चोळत होता आणि मान हलवून खुणावत होता, की राहू दे रे, मित्र तर मित्र. पण केरबाला त्या दिवशी तो शब्द घशात अडकलेल्या बीसारखा टोचला.

"काकू," तो म्हणाला, "हणमू माझा मित्र नाही. हणमू माझा हणमू आहे. तुम्हाला काका आहेत ना, तसा."

शेकरूकाकूच्या हातातलं फळ खाली पडलं. मग ती स्वतः खाली उतरली आणि या झाडावरून त्या झाडावर अशी पळत सुटली, की दुपारच्या आत सगळ्या जंगलाला धक्का बसला होता. जे कालपर्यंत माहीत होतं, ते आज कळलं होतं.

पंचायत बसली. अध्यक्ष कोल्हे गुरुजी. जंगलाच्या संस्कृतीची काळजी गुरुजी वाहायचे. ती जड असल्यामुळे ते इतर काही वाहत नसत.

"केरबा," गुरुजी खाकरले, "तुला एकच प्रश्न. तुमच्यात बाई कोण?"

"कुणीच नाही," केरबा म्हणाला. "तोच तर मुद्दा आहे, गुरुजी."

"उलट बोलू नकोस. ढोलीत कोण बसतं?"

"पाऊस असला की दोघं."

"आणि भरवतं कोण?"

"ज्याला आधी फळ मिळेल तो."

सभेत कुजबुज झाली. इतका सोपा संसार कुणी ऐकला नव्हता. गुरुजींनी शेपटी आपटली. "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे! निसर्गात नर तो नर, मादी ती मादी. कुणालाही विचारा."

विचारायला कोणी जाणार नाही, याची त्यांना खात्री होती. पण समोरच गोगलगाय बसली होती. ती आधीच्या सभेला निघाली होती आणि या सभेला पोचली होती.

"मी बोलू का?" तिनं विचारलं. "आमच्यात जो नर, तीच मादी. मी दोन्ही आहे. आमची सगळी आळीच तशी आहे."

"आणि माझ्याकडे," तळ्यावरचा कमळपक्षी चाचरत म्हणाला, "अंडी मी उबवतो. मंडळी दुसऱ्या नवऱ्याकडे गेलीय. तिथून तिसऱ्याकडे जाणार आहे."

"घरगुती गोष्टी सभेत नकोत!" गुरुजी ओरडले.

पण आता सगळ्यांनाच कंठ फुटला. एक मासा पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला, की त्याची आजी उतारवयात आजोबा झाली होती. ऊन चढलं तरी नियमाप्रमाणे वागणारं कुणी सापडेना. तेव्हा गुरुजींनी चर्चा थांबवली आणि निसर्गाला बाजूला ठेवून निकाल दिला. केरबा आणि हणमू वाळीत. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. त्यांना आपल्या झाडावर बसू द्यायचं नाही. आणि त्यांच्या चोचीतलं जो खाईल, तोही वाळीत.

गोगलगाईचं काय, असं कुणीतरी विचारलं. "तिचं वेगळं," गुरुजी म्हणाले. "ती आधीपासूनच तशी आहे."

"मीसुद्धा आधीपासूनच असा आहे," केरबा म्हणाला. पण एव्हाना त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

वाळीत पडल्यावर काय होतं, बाळांनो? फारसं काही होत नाही. तेच होतं. सकाळी कुणी 'उठलात का' विचारत नाही. तुम्ही फांदीवर बसता आणि फांदीवरचे बाकीचे काही काम आठवल्यासारखं करून उडून जातात. हणमूनं फळं उडवणं बंद केलं. मुकाट्यानं चोचीत धरायचा आणि गिळायचा.

"मी बोललो नसतो तर?" केरबानं एकदा विचारलं.

"तर शेकरूकाकू आणखी एक स्थळ घेऊन आली असती," हणमू म्हणाला. मग पुढे म्हणाला, "बरं झालं बोललास. मला ऐकायचं होतं."

एवढ्यात पलीकडच्या ऐनाच्या झाडावर आक्रीत घडलं. तिथे येसू नावाची धनेशीण ढोलीत होती. आत नुकतंच फुटलेलं अंडं, बिनपिसांचं पिल्लू. तिचा नवरा बंडा सकाळी फळं आणायला गेला तो जंगलाच्या कडेला फासेपारध्याच्या नव्हे, पिंजऱ्यात पक्षी ठेवणाऱ्या कुणा शौकिनाच्या जाळ्यात अडकला आणि परत आला नाही.

येसू आत हाका मारत राहिली. मग पिल्लू ओरडायला लागलं.

पंचायत तातडीनं बसली. बंडासाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. गुरुजींनी शेपटीनं डोळे पुसले. मग येसूला कोणी भरवायचं हा प्रश्न निघाला. बाकीचे धनेश म्हणाले, आम्हाला आमच्याच बायकोचं पुरं करता येत नाही. आणि गुरुजी म्हणाले, परपुरुषानं परस्त्रीला चिरेतून भरवणं बरं दिसणार नाही. याचा अभ्यास करायला एक समिती नेमली. समितीत कासव होतं.

केरबाला बेहड्यावर पिल्लाचा आवाज ऐकू येत होता. आदल्या दिवशी तो मोठा होता. आज बारीक झाला होता.

"चल," तो हणमूला म्हणाला.

"अरे, आपल्या चोचीतलं खाल्लं तर तीही वाळीत पडेल."

"तिला विचारू तरी."

दोघं उंबरं घेऊन ऐनाच्या झाडावर गेले. केरबानं चिरेशी चोच नेली. "येसू, मी केरबा. हणमूही आहे. फळं आणलीत. पण आधीच सांगतो, आमच्या हातचं खाल्लंस तर तुला वाळीत टाकतील."

आतून थकलेला आवाज आला. "केरबादादा, मी भिंतीत आहे. नवरा गेला. अंगावर पिसं नाहीत. आता मला आणखी कुठे टाकणार? आण इकडे ते उंबर."

तेव्हापासून दोघांच्या खेपा सुरू झाल्या. एक यायचा तोवर दुसरा निघालेला असायचा. नांदुर्कीची फळं, वडाची फळं, मधूनच एखादा नाकतोडा. एकट्या नवऱ्याची अशा वेळी पार हाडं निघतात. इथे दोघं होते. पिल्लू असं गुबगुबीत झालं, की ढोलीत येसूला कड बदलता येईना. हणमू पिल्लाला हसवायला पुन्हा फळं उडवू लागला. ती पुन्हा त्याच्या डोळ्यावर आपटू लागली.

हे सगळं शेजारच्या झाडांवरच्या चिरांमधून दिसत होतं. प्रत्येक चिरेमागे एक बायको होती, आणि तिला दिवसभर बघायला दुसरं काही नव्हतं.

"तिच्याकडे दोघं येतात," एक चीर म्हणाली.

"वेळेवर येतात," दुसरी म्हणाली.

"आमच्याकडे एकच आहे," तिसरी म्हणाली, "आणि तो काल विसरला."

मग सगळ्या चिरांनी मिळून आपापल्या नवऱ्यांना सांगितलं, की पुढच्या हंगामात दार लिंपायचं की नाही ते आम्ही विचार करून कळवू. आदर्श कुटुंबाला घाम फुटला. नवरे कोल्हे गुरुजींकडे धावले. त्याच सुमारास शेजारच्या जंगलातून बातमी आली, की तिथे अशा जोड्यांचा मान करतात म्हणे आणि ते जंगल फार पुढारलेलं समजलं जातं. गुरुजींनी एक डोळा मिटून विचार केला. मग दुसरा मिटला. दोन्ही उघडले तेव्हा ते पुरोगामी झाले होते.

लगेच सत्कार ठरला. वारुळावर मंच उभा राहिला. केरबा आणि हणमूला पळसाच्या पानांच्या शाली घातल्या. त्यांना काय म्हणायचं यावर विद्वानांचा वाद झाला. 'समनर धनेश', 'विशेष धनेश', 'इतर धनेश' अशी नावं सुचली.

"आम्हाला केरबा आणि हणमू म्हणा," केरबा म्हणाला.

"ते फार गुंतागुंतीचं होतं," विद्वान म्हणाले.

गोगलगाईलाही मंचावर बसवलं होतं. हल्ली तिला प्रत्येक सभेला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवत. "पूर्वी मला कुणी विचारत नव्हतं," ती हणमूच्या कानात म्हणाली. "सुखात होते रे. आता रोज अनुभवकथन करावं लागतं."

केरबा गुरुजींच्या जवळ सरकला. "गुरुजी, एक विचारू? आम्हाला वाळीत टाकलं होतं, ते मागे घेतलंत का?"

"वाळीत?" गुरुजी चकित झाले. "केरबाजी, काय बोलता! आपल्या जंगलात कधी कुणाला वाळीत टाकलं होतं? आपली परंपरा इतकी उदार आहे! मी स्वतः पहिल्यापासून तुमच्या बाजूनं होतो."

केरबानं सभेकडे पाहिलं. शेकरूकाकू मान डोलवत होती. कमळपक्षी पायाकडे बघत होता. कुणालाच काही आठवत नव्हतं. वाळीत असताना जेवढा राग आला नव्हता, तेवढा केरबाला आता आला. तो काहीतरी तिखट बोलणार होता. पण गुरुजींनी घसा साफ केला आणि 'उदारता : काल, आज आणि उद्या' या विषयावर भाषण सुरू केलं. ते 'काल'मध्येच खूप रमले.

तेवढ्यात हणमूनं त्याला चोचीनं ढोसलं. "ते बघ."

सभेच्या पाठीमागे ऐनाच्या झाडावर येसूनं भिंत फोडली होती. ती नव्या पिसांनिशी बाहेर फांदीवर बसली होती. आणि ढोलीच्या तोंडाशी पिल्लू उभं होतं. मोठं, गोल, घाबरलेलं. त्यानं खाली पाहिलं. वर पाहिलं. आईनं हाक मारली.

केरबा आणि हणमूनं शाली तिथेच सोडल्या आणि ते मंचावरून उडाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. भाषण त्यांच्याबद्दलच चाललं होतं.

ते पोचले तोवर पिल्लानं उडी घेतली होती. आधी दगडासारखं खाली आलं. मग कुठल्याशा विचारानं पंख उघडले. वाकडंतिकडं, धडपडत, एका फांदीला थडकून ते दुसऱ्या फांदीवर जाऊन बसलं आणि आपण हे केलं यावर विश्वास न बसून जोरात ओरडलं.

"बघितलंस?" येसू म्हणाली. "बघितलंत ना दोघांनी?"

हणमू डोळा चोळू लागला. "डोळ्यात काहीतरी गेलं," तो म्हणाला.

"उंबर असेल," केरबा म्हणाला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला.

तिकडे गुरुजी नुकतेच 'आज'पर्यंत आले होते. टाळ्या पडत होत्या.

तात्पर्य : बाळांनो, कुणालाही वाळीत टाकताना फार जपून टाकावं. उद्या त्याचाच सत्कार करायची वेळ येते, आणि आपण पहिल्यापासून त्याच्या बाजूनं होतो हे आयत्या वेळी आठवायला स्मरणशक्ती फार चांगली लागते.