कशावरून डॉक्टर

बिराजदार डॉक्टर आमच्याशी मराठीत बोलत, मेंढीशी कानडीत बोलत आणि मोठ्या साहेबांशी बोलतच नसत.

यातलं शेवटचं आधी सांगतो. सोलापुरातल्या एका इस्पितळात मी स्टोअरकीपर होतो. डॉक्टर तिथं रुजू झाले त्याच सकाळी मोठे साहेब त्यांना वॉर्ड दाखवत होते. साहेब म्हणजे लष्करातून आलेले गोरे कर्नल. एका खाटेपाशी थांबून ते म्हणाले, "हा मलेरिया." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांच्या मागं उभं राहून मान डोलावणं हे आमच्याकडचं निम्मं कामकाज होतं. नवे डॉक्टर मात्र मान न हलवता म्हणाले, "कशावरून?" म्हणजे विचारलं त्यांनी इंग्रजीतच, अदबीनं, शेवटी 'सर' लावून. पण कर्नलसाहेबांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. ते लालबुंद झाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्या दिवसापासून दोघांमधला सगळा व्यवहार चिठ्ठ्यांनी, माझ्यामार्फत चालू झाला.

'कशावरून' हा शब्द डॉक्टरांच्या जिभेवर कायम तयार असे. मंडईत वांगीवाली म्हणाली, "घ्या की सायेब, लई कवळी हायती." डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून?" तिनं एक वांगं मोडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. तेव्हापासून डॉक्टर दुसऱ्या कुणाकडून भाजी घेईनात. न्हाव्यानं "केस लई गळाय लागल्यात" म्हटलं की डॉक्टर त्याला जमिनीवरचे केस दाखवायला लावत. पस्तिशी उलटली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं, त्याचं कारणही हेच. अक्कलकोटकडचे एक सावकार मुलीचं स्थळ घेऊन आले. "मुलगी स्वभावानं अगदी गरीब आहे," ते म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून?" सावकार अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले. डॉक्टर नंतर मला म्हणाले, "पाठक, मला खरंच जाणून घ्यायचं होतं हो."

त्यांच्या ताब्यात लॅबोरेटरी आली होती असं सरकारी हुकुमात लिहिलं होतं. प्रत्यक्षात ती शवागाराशेजारची एक अंधारी खोली होती. आत एक सूक्ष्मदर्शक होता, पण तो पेटीत कुलूपबंद. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघे. ऑपरेशनच्या चाकूकात्र्यांबरोबर पाटावर बसे, त्याला हळदकुंकू वाहिलं जाई आणि पुन्हा पेटीत जाई. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी डोळा लावला तर त्यांना सगळीकडे पिवळं दिसलं. कित्येक वर्षांची हळद त्यांनी भिंगावरून पुसून काढली. पुसता पुसता म्हणाले, "पूजा उत्तम झाली आहे. आता थोडं कामही करून घेऊ."

खरी तपासणी होई ती पुण्याला. रक्त, थुंकी, काय असेल ते बाटलीत भरून गाडीनं जायचं आणि उत्तर यायचं ते कधी पेशंट घरी गेल्यावर, तर कधी पेशंट कायमचा गेल्यावर. डॉक्टरांचा हट्ट एकच होता, सोलापूरच्या माणसाचं रक्त सोलापुरातच तपासलं गेलं पाहिजे, आणि दिवस मावळायच्या आत.

मग खोलीला चुना लागला, खिडक्या मोठ्या झाल्या, गिरणीतून बर्फाच्या लाद्या येऊ लागल्या. तांब्याच्या हंड्याखाली चिमणी ठेवून डॉक्टरांनी जंतू वाढवायची उबदार पेटी केली आणि तिला ते बाळंतिणीची खोली म्हणत. वॉर्डबॉय लोकांना शिस्त लावणं मात्र हंड्याइतकं सोपं नव्हतं. एकानं तीन पेशंटांची थुंकी एकाच डबीतून आणली. डॉक्टरांनी कारण विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "एकाच वार्डातली हाय की सायेब." त्यावर डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवून सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू दाखवले. लाल काड्या बघून तो पोरगा इतका हादरला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डबीवर नाव, गाव, खाट आणि पेशंटच्या बापाचंही नाव येऊ लागलं.

आता मेंढी. गरमीच्या रोगासाठी रक्ताची जी मोठी परीक्षा असते, तिला मेंढीचं ताजं रक्त लागतं. दर आठवड्याला थोडंसंच, पण न चुकता. डॉक्टरांनी मेंढीची मागणी माझ्याकडे पाठवली आणि माझी झोप उडाली. मेंढी कुठल्या सदरात दाखवायची? औषधात बसेना. खाद्यपदार्थांत दाखवली असती तर मुदपाकखान्यानं तिला संध्याकाळीच शिजवली असती. शेवटी मी ती टेबलं, खुर्च्या आणि कपाटांबरोबर डेडस्टॉक रजिस्टरात चढवली. डेडस्टॉकमधल्या प्रत्येक वस्तूवर तेलरंगानं नंबर घालायचा नियम होता. मी मेंढीच्या पाठीवर नंबर घातला. लोकर कापली की नंबर जाई आणि मला ब्रश घेऊन पुन्हा उकिडवं बसावं लागे. तपासणीला आलेल्या हिशेबनीसानं "वस्तू चालू स्थितीत आहे काय?" असं विचारलं, तेव्हा मेंढी स्वतःच चालत पुढं आली.

ती आणली होती मंगळवेढ्याकडच्या म्हाळाप्पा धनगरानं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "निरोगी आहे?"

"व्हय."

"कशावरून?"

"कळपात सगळ्यांच्या म्होरं चालतीया. आजारी असती तर मागं ऱ्हायली नसती का?"

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठक, याला म्हणतात पुरावा." म्हाळाप्पानं जाताना एवढंच विचारलं, "कापणार न्हाय न्हवं?" डॉक्टरांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला.

घराण्यात सात पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलेलं नाही, असा हा माणूस. पण मेंढीच्या मानेतून रक्त काढायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. सुई टोचण्याआधी तिच्या कानाशी वाकून म्हणे, "स्वल्प ताळव्वा." जरा सोस ग बाई. मग काचेचे मणी घातलेली बाटली, रक्त गोठू नये म्हणून, लहान मुलाचा खुळखुळा हलवावा तशी हलवत खोलीत जाई. मेंढीचं नाव त्यांनी निंगव्वा ठेवलं होतं. रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते बाहेर येत, लिंबाखाली बांधलेल्या निंगव्वापुढं उभे राहत आणि विचारत, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? निंगव्वा मान वर करी. आम्ही कचेरीच्या खिडकीतून बघत असू आणि तोंडात उपरणं कोंबून हसत असू.

कर्नलसाहेबांना मात्र हसू येत नव्हतं. एका चैत्रात त्यांची चिठ्ठी आली. पुण्याचे तपासणी अधिकारी येणार. काही पेशंटांचं रक्त काढून अर्धं पुण्याला पाठवायचं, अर्धं इथं बर्फात ठेवायचं. पुण्याची उत्तरं लिफाफ्यात बंद होऊन येतील आणि सोलापूरची परीक्षा अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होईल. उत्तरं जुळली तर लॅबोरेटरी राहील. नाही जुळली तर सूक्ष्मदर्शक पुण्याला जाईल आणि डॉक्टर बिराजदार तालुक्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला. चिठ्ठी वाचून डॉक्टर पहिल्यांदाच 'कशावरून' म्हणाले नाहीत. घडी करून खिशात ठेवली आणि चष्म्याच्या काचा उगाच पुसत बसले.

तो दिवस उजाडला. अधिकारी आले, कोट काढून बसले आणि लिंबाखाली निंगव्वा नव्हती. दावं तेवढं कुरतडलेलं पडलं होतं. माळी म्हणाला, "सकाळी म्हाळाप्पाची मेंढरं गेली हितनं, होटगीच्या अंगाला. ती बी गेली असंल की त्यांच्यासंगं."

"पाठक, टांगा," डॉक्टर म्हणाले.

होटगीच्या रस्त्याला आम्ही कळप गाठला. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात तो पसरला होता. सगळी मेंढरं एका रंगाची, एका उंचीची, आणि मागच्याच आठवड्यात लोकर कापलेली. माझा नंबर लोकरीबरोबर गेला होता आणि नवा घालायचं मी उद्यावर ढकललं होतं. म्हाळाप्पाला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "आवो मग कुटलीबी घ्या की. समद्या भैनीच हायत्या."

मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "डॉक्टर, बरोबर बोलतोय तो. अधिकारी बसलेत."

डॉक्टर कडाडले, "ती सरकारी मालमत्ता आहे. तुमच्या रजिस्टरातली वस्तू हरवली तर नोकरी तुमची जाईल, त्याची नाही." मी लगेच एकेका मेंढीचं तोंड न्याहाळत पळू लागलो. घामानं निथळत, ढेकळांत ठेचकाळत मी दोन-तीन म्हाताऱ्या मेंढ्यांच्या लाथाही खाल्ल्या.

डॉक्टर मात्र पळाले नाहीत. बांधावर उभे राहिले, हातातली टोपी छातीशी धरली आणि मोठ्यांदा म्हणाले, "निंगव्वा, ऊटा आतेन?"

कळप चरत राहिला. एक मान तेवढी वर झाली. ती मेंढी रांगेतून वाट काढत आली आणि डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात तोंड घालून उभी राहिली. म्हाळाप्पानं पटका मागं सारून कपाळ खाजवलं. "दोन वरसांत बाटवली की वो माझी मेंढी," तो म्हणाला. टांग्यात निंगव्वा आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि सोलापूरभर लोकांनी आमच्याकडे बघून घेतलं.

दुपारी परीक्षा झाली. काचनळ्या ओळीनं मांडल्या गेल्या. एकेक उत्तर डॉक्टर सांगत आणि पुण्याचे अधिकारी लिफाफा फोडून बघत. जुळलं. जुळलं. हेही जुळलं. दारात कर्नलसाहेब हात मागं बांधून उभे होते. शेवटचं रक्त साखर पेठेतल्या एका विणकराचं होतं. डॉक्टर म्हणाले, "रोग नाही." अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि मान हलवली. "पुणे म्हणतं, आहे."

कर्नलसाहेबांनी खिशातून पाइप काढला. मी मनातल्या मनात सूक्ष्मदर्शकाची पेटी बांधायला घेतली. तेवढ्यात आमच्या डॉक्टरांनी, पहिल्या दिवसाइतक्याच अदबीनं विचारलं, "कशावरून?"

"म्हणजे?"

"पुण्याचं बरोबर आणि माझं चूक, हे कशावरून? तो माणूस हाकेच्या अंतरावर राहतो. त्याचं ताजं रक्त घेऊ. परीक्षा तुम्ही स्वतःच्या हातानं करा. मी लांब उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. डॉक्टर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी नळ्या उजेडाला धरल्या, पुन्हा धरल्या, आणि हसले. रोग नव्हता. पुण्याला गेलेलं रक्त चैत्राच्या उन्हात, गाडीच्या डब्यात नासलं होतं आणि नासलेल्या रक्तानं त्या बिचाऱ्या विणकराविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. "कर्नल," अधिकारी म्हणाले, "लॅबोरेटरी सोलापुरात का असावी, याचं याहून चांगलं कारण मला सुचणार नाही." कर्नलसाहेबांनी पाइप खिशात घातला, पुढं आले आणि त्या पहिल्या सकाळनंतर प्रथमच डॉक्टरांशी बोलले. म्हणाले, "आता तुम्हाला मोठी खोली लागेल." डॉक्टरांनी 'कशावरून' विचारू नये म्हणून मी मागून त्यांचा कोट ओढला.

मग काय विचारता? वॉर्डबॉय लोकांनी पेढे वाटले. विणकर बायकोला घेऊन आला आणि डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवू लागला, तर डॉक्टर टेबलामागं लपले. खंडेनवमीला वाजायचा तो ताशा कुणीतरी भर उन्हाळ्यात आणून बडवला. मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो, आणि त्यात माझा काही वाटा नव्हता याचंही वाईट वाटलं नाही.

भोंगा झाला. लोक घरोघरी गेले. मी स्टोअरला कुलूप लावून निघालो तर लिंबाखाली डॉक्टर निंगव्वाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. जाता जाता अधिकारी एक वाक्य बोलून गेले होते, ते माझ्या डोक्यात घोळत होतं. म्हटलं, "डॉक्टर, पुण्याचे साहेब म्हणत होते की परीक्षेला कुठल्याही मेंढीचं रक्त चालतं. म्हाळाप्पा म्हणाला तेच. मग काल आपण त्या रानापर्यंत टांगा का पळवला?"

डॉक्टर निंगव्वाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आई होती तोवर मी दारात पाय ठेवला की ती विचारायची. ऊटा आतेन? रोज, पाठक. जेवून आलो असलो तरी. ती गेली, आता घरी कुणी विचारत नाही. म्हटलं, आपण तरी कुणाला विचारावं. ही मान वर करते."

खिडकीतून बघत दोन वर्षं आम्ही याच वाक्याला हसलो होतो. मला कानडी येत नाही. पण एवढं एक वाक्य रोज ऐकून पाठ झालं होतं. मी म्हणालो, "डॉक्टर, ऊटा आतेन?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इन्नू इल्ला," ते म्हणाले. अजून नाही.

"मग चला."

माझी बायको जुन्या वळणाची. पण त्या संध्याकाळी तिनं सोवळंओवळं खुंटीला टांगलं आणि माझ्या शेजारी डॉक्टरांचं पान मांडलं. गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि वर तेल. डॉक्टर खाली मान घालून जेवत होते. तिनं विचारलं, "भाकरी बरी झालीय ना?"

"फार छान झालीय, वहिनी."

घरी येऊन मी इतकी वर्षं जे जे सांगत आलो होतो, ते ती विसरली नव्हती. भाकरीचं टोपलं हातात धरून ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "कशावरून?"

डॉक्टरांनी रिकामं ताट पुढं केलं.