अशोकवनातली चरकी

गोविंदकाका माणसाचं नाव विचारत नसत. थेट रामायणातलं सोंग देऊन मोकळे होत. अकोल्याचा एक जाडजूड अडत्या आमच्या वलगावात कापूस पाहायला आला, तर काका त्याला न्याहाळून म्हणाले, "कुंभकर्ण! उठवाले किती ढोल लागतीन, राजेहो?" माझी आई शबरी. आणि मी, चांगला मुलगा असून, सीता. "लाजते कशी पाहा! सीताच हाय."

काका सरकी काढायच्या छपराचे मुकादम. तिथं आमच्या आया आणि आम्ही पोरं दिवसभर चरकी फिरवायचो. दोन रुळांमधून रुई पलीकडे, सरकी अलीकडे. कर्र-टक, कर्र-टक. तेव्हा दूर कुठल्या तरी देशात लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गावात पैसा आला, तशी रामनवमीच्या सोंगांना मखमल आली. ज्याच्या घरी मखमल, त्याचाच राम. आम्ही देवळाच्या कुंपणाबाहेरून पाहायचो.

एके वर्षी काका पाटलांसमोर जाऊन उभे राहिले. "सोंगाची एक दुपार माह्या पोट्ट्याइले द्या."

"बोलतीन का तुहे पोट्टे?" पाटील हसले. "फजिती झाली, तं पुन्हा नाव काढाचं नाई."

तालमीला वेळ कुठला? काम थांबलं की मजुरी बुडणार. मग काकांनी चरकीवरच तालीम धरली. चरकीच्या प्रत्येक फेऱ्याला एक शब्द. दाढ्या रुईच्या, शेपट्या रुईच्या. आमची वानरसेना बगळ्यांसारखी पांढरीशुभ्र! तो आनंद मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. जेवतानाही माझा हात गोल फिरायचा.

रामनवमीच्या दुपारी मी अशोकवनात बसलो. समोर सारं गाव. रावण पुढं आला, तोंड उघडलं, आणि गप्प. मीही गप्प. वानरही गप्प. हात रिकामे, म्हणून तोंडंही रिकामी! पाटील मिशीवर बोट फिरवू लागले.

काका छपराकडे धावले. चरकी खांद्यावर घेऊन आले आणि माझ्यापुढं आदळली. "फिरव, सीतामाय!"

"अबे, अशोकवनात सीता सरकी काढून राह्यली!" कोणीतरी ओरडलं.

"मंग? रावण का फुकट जेवाले घालते?" काका गरजले.

देऊळ हसून हसून हललं. मी दांडा धरला. कर्र-टक. आणि शब्द आले! रावण गर्जला, वानर नाचले, पाटील मांडीवर ठेका धरून बसले. शेवटी म्हणाले, "पुढच्या साली दोन चरक्या आना."

आता मी मुंबईला कॉलेजात आहे. आमच्या घरात अक्षर ओळखणारं दुसरं कोणी नाही. प्रोफेसरांनी उभं केलं की अजून माझा उजवा हात हळूच फिरू लागतो.

सुटीत काकांकडे गेलो. ते अंगणात एकटेच रिकामी चरकी फिरवत सगळ्यांची वाक्यं म्हणत होते. रामाची, रावणाची, माझीसुद्धा.

"काका, तुमी कावून नाई घेतलं कधी सोंग?"

चरकी थांबली.

"लहानपनी घेतलं होतं. भरताचं. उभा रायलो अन् बोललोच नाई. सारे हसले." काका रुळांवरून बोट फिरवत राहिले. "तवा कोनी चरकी नाई आनली."

मी खाली बसलो आणि त्यांच्या हातून दांडा घेतला. कर्र-टक. कर्र-टक.

काकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग उठून उभे राहिले आणि पागोटं नीट केलं.